उसना फलंदाज

नामिगे, २७ जून १९९६

सुएको,

पत्राच्या सुरुवातीला हवापाण्याचं विचारायची रीत आहे. विचारलं असं समज. तुझ्या कुजिमातही उकाडा तोच आणि डासही तेच. मध्ये एक डोंगर आला म्हणून काही बदलत नाही.

अक्षर ओळखलंस ना? नऊ वर्षांत जरा वाकडं झालंय. पाकिटावरचं नाव बघून तू ते लगेच फोडणार नाहीस. आईबाबांच्या फोटोपुढे ठेवशील, दोन दिवस त्याच्या अवतीभवती घुटमळशील आणि तिसऱ्या दिवशी फोडशील. तू लहानपणापासून अशीच. तेव्हा तिसऱ्या दिवशीच्या सुएकोला सांगते, नीट बसून वाच.

आमच्या कागद गिरणीच्या बेसबॉल संघानं तुमच्या तात्सुमी पोलादाला हरवलं आणि आम्ही टोकियोच्या मोठ्या स्पर्धेला निघालो, हे तुला माहीतच आहे. मी उणीदुणी काढायला लिहीत नाही. काढायचीच असती तर सातव्या डावात तुमच्या पिचरनं जे दिवे लावले त्यावर एक पान सहज झालं असतं.

हरलेल्या संघांतले चांगले गडी जिंकलेल्यानं टोकियोपुरते उसने घ्यायचे, ही रीत कुणी काढली कोण जाणे. प्रांताची इज्जत म्हणे. कालपर्यंत ज्याच्या नावानं बोटं मोडली, त्यालाच आज आपला सदरा घालायचा. या वर्षी गिरणीनं तुझ्या तामोत्सुला मागितलंय.

मला हे ओनुकीनं सांगितलं. आमचे हे गेल्यावर सामन्याला गाणी-आरोळ्या देणाऱ्या घोषणा पथकाचा नायक झाला तो ओनुकी. लगदा वाळवायच्या रुळांवर आयुष्य काढून तो बहिरा झालाय, त्यामुळे तो कुजबुजला तरी अख्ख्या गल्लीला कळतं. माझ्या डब्यांच्या दुकानाच्या दारात उभा राहून म्हणाला, "फुसाएसान, तुमचा भाचा आमच्याकडं येतोय!"

मी म्हटलं, "मला भाचा नाही."

"मग मागच्या खोलीत त्याचे शाळेतले बूट कशाला ठेवलेत?"

बाकी सगळं सामान मी तेव्हाच पार्सलनं तुझ्याकडे पाठवलं होतं. बूट राहून गेले. उगाच जागा अडवतात.

आता मुद्द्याचं. तात्सुमीचा संघ वर्षअखेरीस बंद होणार, हे मी पेपरात वाचलं. कारखान्याला परवडत नाही म्हणे. म्हणजे तामोत्सुचं हे शेवटचं मैदान. अठ्ठाविसाव्या वर्षी त्याला दुसरं कोण घेणार? त्या दिवशी त्याच्या आईनं तिथं असावं असं मला वाटतं. आमच्या बसेस पहाटे निघतात. कुजिमाच्या फाट्यावर एक थांबवता येईल, ओनुकीशी बोलून ठेवलंय. माझ्या शेजारची जागा तुझी.

तू म्हणशील, नऊ वर्षांनी हिला एवढा कळवळा कुठून आला. आला नाहीये. तो पोरगा शाळेची शेवटची तीन वर्षं माझ्या घरी राहिला, माझे डबे खाऊन मोठा झाला, आमच्या ह्यांनी गिरणीत त्याच्यासाठी शब्द टाकून ठेवला, आणि सही केली ती तात्सुमीच्या कागदावर. नववर्षाच्या जेवणाला मी जे बोलले ते बोलले. हे तेव्हा म्हणाले, "बापाच्या कारखान्यात गेलाय, दरोडा घालायला नाही." मी ह्यांच्याशीही आठवडाभर बोलले नव्हते. त्यातला एकही शब्द मी मागे घेत नाही. फक्त तू ये.

फुसाए


नामिगे, ६ जुलै

सुएको,

तुझं कार्ड मिळालं. तीन ओळी, त्यातली एक हवेबद्दल. पोस्टमननंसुद्धा उभ्याउभ्या वाचलं असेल.

"तात्सुमीच्या घरचं माणूस नामिगेच्या गोटात बसणार नाही, असं आमच्या यजमानांनी कारखान्यात सगळ्यांसमोर सांगितलंय." बरं. नोरिमित्सुसाननी सांगितलं. भट्टीपुढे उभे राहून राहून त्यांचं डोकंही तापतं, हे मी त्यांना लग्नातच सांगितलं होतं.

पण खोटं बोलणार नाही, तुमचं दुखणं मला कळतं. चाळीस वर्षांचा संघ. तुमच्या गल्लीतल्या बायकांनी संघाचे निळे टॉवेल धुऊन, घडी करून कपाटात ठेवलेत आणि आता ते कुणी काढायचे नाहीत. त्यावर वर्ष उलटायच्या आत आमचा लाल पंखा हातात घेऊन टोकियोत हलवायचा म्हणजे घरात सुतक असताना शेजारच्या लग्नात नाचण्यासारखं. माझ्यावर वेळ आली असती तर मीही नाक मुरडलं असतं. पण पोटचा पोर बॅट घेऊन उभा असताना मी नाक घरी ठेवून गेले असते.

तामोत्सु आलाय. सरावापुरता गिरणीच्या वसतिगृहात राहतो. संघाचे डबे माझ्याच दुकानातून जातात आणि ते न्यायचं काम सगळ्यात नव्याचं. अठ्ठावीस वर्षांचा घोडा असला तरी उसना गडी तो नवाच, त्यामुळे परवा दुपारी हाच दारात. खांदे रुंद झालेत. चालणं मात्र नोरिमित्सुसानचं, पाय फाकून.

"डबे न्यायला आलोय."

"कुणाकडून?"

"संघाकडून."

"नाव काय?"

त्यानं टोपी काढली. मग म्हणाला, "मावशी, आता नावही सांगू का?"

मी डबे मोजायला लागले. मोजलेलेच होते. त्यानं एकाचं झाकण उचलून बघितलं. "वांग्याचं लोणचं अजून तसंच करतेस."

"वांगी तीच, मी तीच. लोणचं काय वेगळं होणार?"

एवढं बोलून मी आत गेले आणि थोडा वेळ आतच थांबले. कांदे चिरत नव्हते, तरी. बाहेर आले तेव्हा तो डबे उचलून दारातच उभा होता.

"आई येणार का गं टोकियोला?"

"आई तुझी. तू विचार."

"विचारलं. बाबा समोर बसले होते. ती टीव्हीचा आवाज वाढवायला उठली."

सुएको, अगं टीव्हीचा आवाज काय वाढवतेस? पोरगं एकदाच विचारतं. दुसऱ्यांदा विचारत नाही, ते समजून घेतं, आणि ते जास्त वाईट.

सोबत तिकीट ठेवलंय. २३ जुलै, दुपारचा सामना, डोमच्या छतबंद मैदानात पहिल्या बेसच्या बाजूला. माझ्या डावीकडची जागा. लाल काही घालू नकोस, पंखा हातात धरू नकोस, तोंडही उघडू नकोस. नुसती बस. बसल्याचं नोरिमित्सुसानना मी कळू देणार नाही.

फुसाए


नामिगे, १५ जुलै

सुएको,

तिकीट परत मिळालं. चिठ्ठीही नाही सोबत. निदान घडी तरी सरळ घातलीस, बाबांनी शिकवल्यासारखी.

मी चिडलेय, म्हणून हे पत्र लिहायला चार दिवस लावले. आता थोडी कमी चिडलेय. काल इथं जे झालं ते तुला सांगितल्यावाचून राहवत नाही, आणि दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखं ते नाही.

गिरणीच्या कँटीनमध्ये घोषणांचा सराव चालू आहे. प्रत्येक फलंदाजाचं आपापलं गाणं असतं, तसं तामोत्सुलाही हवंच. ओनुकीनं शाळेच्या बँडमास्तरांकडून नवं गाणं बसवून घेतलं. ते ऐकून सकाळी रेडिओवर व्यायाम सांगतात त्याचीच आठवण झाली. हात वर, हात खाली, श्वास सोडा. तामोत्सुला विचारलं तर तो म्हणाला, "काहीही चालेल." काहीही चालेल म्हणजे काहीच चालत नाही, हे मला तीन वर्षं त्याचे डबे भरून पक्कं कळलंय.

मी म्हटलं, "त्याचं तात्सुमीचं गाणंच ठेवा की."

ओनुकीचा चेहरा आंबट झाला. "तात्सुमीचं गाणं? आमच्या स्टँडमध्ये? फुसाएसान, तुमचे यजमान अठरा वर्षं या पथकाचे नायक होते. वर बसून ऐकत असतील ते."

"ऐकू देत. नऊ वर्षं ज्या सुरावर त्यानं बॅट उचलली तो सूर काढून घेणार, आणि वर म्हणणार आमच्यासाठी धावा कर. उद्या डाव्या हातानं जेवायला सांगाल."

"त्या गाण्यात भट्टी आहे भट्टी. 'तामोत्सु, भट्टी पेटव.' आमच्याकडं भट्टी कुठाय? आमच्याकडं लगदा आहे."

"मग 'लगदा पेटव' म्हणा."

सगळे हसले. ओनुकी हसला नाही, बहुधा ऐकू गेलं नसावं. म्हणाला, "बरं, शब्द कुणाला येतात? येतात कुणाला? आं?"

ओनुकीनं कानामागे हात धरला. मग मी म्हटलं ते. पहिल्यापासून शेवटपर्यंत, टाळ्यांसकट. शेवटच्या आरोळीच्या आधी सगळे टॉवेलची घडी छातीशी धरतात आणि आवाज एकदम खाली आणतात ना, तेही करून दाखवलं, हातात टॉवेल नव्हता म्हणून भांडी पुसायचं फडकं धरून. मला वाटलं होतं लोक टाळ्या वाजवतील. सगळे मान वळवून माझ्याकडेच बघायला लागले. मासेवाली तोमिए तेवढी म्हणाली, "अगंबाई, हिला तर सगळंच येतं."

ओनुकी हळू म्हणाला, म्हणजे त्याच्या मानानं हळू, "फुसाएसान, ती टॉवेलची घडी आपल्या बाजूनं दिसत नाही. आपल्याला नुसता आवाज येतो. ती आतल्यांनाच माहीत."

मी म्हटलं, "मला स्वयंपाक पडलाय," आणि निघून आले.

तर आता तुला सांगून टाकते. कुजिमाच्या मैदानावर तात्सुमीचा सामना असेल आणि समोर आमची गिरणी नसेल, त्या दिवशी मी येत होते. दरवर्षी नाही, एक वर्ष गुडघ्यामुळे चुकलं. निळी टोपी घालून यायचे. तुझ्या मागे तीन-चार रांगा सोडून बसायचे. तुझे केस मागून विरळ झालेत, समुद्रातलं शेवाळ खात जा. तू कधी मागे वळून बघितलं नाहीस. बघितलं असतंस तर मी काय केलं असतं, माहीत नाही. बहुतेक टोपी पुढे ओढून शेंगदाणे खात बसले असते.

यावर काही लिहू नकोस. मी फक्त एवढ्यासाठी सांगितलं, की शत्रूच्या गोटात बसून माणूस मरत नाही. पाठ थोडी अवघडते, बाकी काही नाही.

गाणं तेच ठरलंय. ओनुकीनं आज सकाळी येऊन डबा घेतला आणि जाता जाता विचारलं, "भट्टीच्या आधी टाळ्या तीन की चार?"

तिकीट मी परत पाठवत नाही. पाठवायचं आणि परत यायचं, तिकिटानं तरी किती प्रवास करायचा? जागा तुझीच राहील.

फुसाए


नामिगे, २४ जुलै

सुएको,

तू घरी पोचलीस की नाही, ठाऊक नाही. पोचली असशील असं धरून लिहिते. काल रात्री लिहायला बसले होते, पण अक्षर रेघेवर टिकेना. डफ वाजवून, दुसरं काही नाही.

तू तिथं होतीस हे मला माहीत आहे. तरी माझ्या बाजूनं काय झालं ते सांगते, कारण तुला तिकडून आमची फक्त तोंडं दिसली असतील.

बसमध्ये नेहमीचंच. तोमिएनं सोयाच्या शेंगा उकडून आणल्या होत्या, ओनुकी सगळ्यांना दटावून आवाज जपायला सांगत होता आणि सांगता सांगता त्याचाच आवाज बसला. कुजिमाच्या फाट्यावर बस हळू झाली. मी सांगितलं नव्हतं, ड्रायव्हरनं आपणहून केली. फाट्यावर कुणी नव्हतं.

डोममध्ये गेल्यावर तुझ्या जागेवर मी पर्स ठेवली. तोमिएला तिथं शेंगांची पिशवी ठेवायची होती.

"जागा कुणाची गं?"

"बहिणीची."

"मग बहीण कुठाय?"

"वाटेत."

"सामना सुरू झाला की."

"वाट लांबची आहे," मी म्हटलं.

समोर पिवळे, दक्षिणेकडच्या मोटारींच्या कारखान्याचे, आमच्या दुप्पट. सुरुवातीला दोन्ही नायकांनी एकमेकांना वाकून शुभेच्छांच्या आरोळ्या दिल्या. ओनुकीची आरोळी घशातच राहिली. पिवळ्यांनी तरी टाळ्या वाजवल्या, माणसं सभ्य होती.

तामोत्सुचं तू बघितलंसच. पहिल्यांदा तिन्ही चेंडू हुकले. दुसऱ्यांदा उंच उडवला आणि झेल गेला. तिसऱ्यांदा त्याच्या एका फटक्यात त्याच्यासकट आमचा दुसराही माणूस बाद झाला. प्रत्येक वेळी आम्ही ते गाणं म्हटलं. पण मनापासून नाही, सुएको. ओठांनी. गिरणीच्या लोकांच्या तोंडात ती भट्टी बसत नव्हती. तिसऱ्यांदा तो मान खाली घालून परत येत असताना माझ्या मागून कुणीतरी म्हणालं, "उसनं भांडं, गळकं निघालं."

मी वळून म्हटलं, "भांडं गळत नाही, चूल पेटत नाहीये. फुंकणी तुमच्या हातात आहे, फुंका की जरा." तो माणूस पंख्यामागे गेला. पण मला मनातून धास्ती वाटत होती. शेवटचं मैदान, आणि पोरगं तीनदा मान खाली घालून आलं. घरी जाऊन तो कुणाला काही बोलणार नाही, आणि मग आयुष्यभर बोलणार नाही. मी तुझ्यावर इतकी चिडले होते की पर्स उचलून तोमिएला म्हटलं, "ठेव तुझ्या शेंगा."

आठवा डाव. दोघांच्याही दोन-दोन धावा. आमचा माणूस दुसऱ्या बेसवर, आणि तामोत्सुची पाळी. ओनुकी माझ्याकडे आला. घशातून नुसती हवा निघत होती. हातानंच खूण केली, गाणं तुम्ही उचला. शब्द तुम्हाला येतात, तुम्हीच उचला.

मी नायकाच्या चौथऱ्यावर चढले. दोघांनी ओढलं तेव्हा चढले. नायकाचं काय असतं ते तुला माहीत आहे. मैदानाकडे पाठ, लोकांकडे तोंड. आमच्या ह्यांनी अठरा वर्षांत एकही सामना बघितला नाही. घरी येऊन मला विचारायचे, तो चेंडू कसा गेला गं. नायकानं वळायचं नाही. वळला की लोकांचा सूर तुटतो.

मी डफ उचलला आणि म्हटलं, "टॉवेल नाही तर पंखे धरा छातीशी. आणि भट्टी म्हणजे काय ते माहीत नसेल तर मनात गिरणी आणा. पण म्हणा. तो आपला आहे की नाही ते नंतर ठरवू, आत्ता म्हणा."

म्हणाले. या वेळी पोटातून म्हणाले. तोमिएच्या गळ्याच्या शिरा दिसत होत्या. आणि आवाज खाली आणायची जागा आली तेव्हा सगळे थांबले, पंखे छातीशी, आणि तोमिए म्हणाली, "फुसाए, मागं बघ. पलीकडं कुणीतरी उभंय."

मी म्हटलं, "गप्प."

"अगं, पिवळ्यांत. निळं काहीतरी घेऊन."

मी वळले. अठरा वर्षांत ह्यांनी जे केलं नाही ते मी पहिल्याच गाण्यात केलं.

आपला संघ बॅटिंग करत नसला की लोक बसतात, पाणी पितात, पंखा हलवतात. पिवळ्यांचं अख्खं स्टँड बसलेलं. आणि मधोमध एक बाई उभी. एवढ्या लांबून चेहरा काय दिसणार? पण डाव्या पायावर भार टाकून, उजवा गुडघा थोडा वाकवून, शाळेत बाईंनी शिक्षा दिल्यावर उभी राहायचीस तशी. छातीशी निळा टॉवेल. कुणी तुझी बाही ओढून खाली बसवत होतं, तेही मला दिसलं. तू बसली नाहीस.

शेवटची आरोळी मी मैदानाकडे तोंड करून दिली. लोकांनी माझ्यामागून दिली. आणि तूही दिलीस. ऐकू आली नाही, पण टॉवेल वर गेलेला दिसला, आमच्याच तालात.

चेंडू उजवीकडे गेला, दोघांच्या मधून. आमचा माणूस धाव पुरी करून घरी आला, तामोत्सु दुसऱ्या बेसवर. माझ्यामागे लोक नाचत होते, ओनुकी आवाज नसताना ओरडत होता, तोमिए माझ्या पायाला धरून रडत होती. मी तामोत्सुकडे बघत होते. वाटलं, आता तो आमच्याकडे बघेल. सगळा लाल स्टँड त्याच्या नावानं ओरडत होता, त्यानं बघायला हवं होतं.

त्यानं टोपी नीट केली आणि समोर बघितलं. तुझ्याकडे. हात वगैरे केला नाही, नुसतं बघितलं. आणि बराच वेळ बघितलं.

मला वाईट वाटलं, सुएको. खोटं कशाला बोलू? आनंदही झाला, पण आधी वाईट वाटलं. तीन वर्षं डबे भरले, एवढ्या वर्षांत टोपी ओढून त्याचं गाणं पाठ केलं, काल उरावर दगड ठेवून लोकांकडून म्हणवून घेतलं, आणि पोरगं बघतं ते आईकडे. मग बघणार कुणाकडे? हे मला त्या नववर्षाच्या जेवणालाही माहीत होतं. राग या गोष्टीचाच होता. तात्सुमीचा नव्हता.

एका धावेनं जिंकलो. पुढच्या सामन्याची माणसं आत येत होती म्हणून आम्हाला लगेच बाहेर काढलं. मी पथकाला सोडून तुमच्या बाजूच्या दारांकडे निघाले. पिवळे सगळे बाहेर येत होते आणि मी एकटी उलट्या दिशेनं, अंगात लाल सदरा. एका बाईनं मला वाट करून दिली आणि म्हणाली, "चांगलं खेळलात हो." तू सापडली नाहीस. एका निळ्या टॉवेलमागे मी जिन्यापर्यंत गेले, तर तो कुठल्यातरी शाळकरी मुलीचा निघाला.

तामोत्सु बसपाशी भेटला. केस ओले, नाकावर माती.

"मावशी, आई दिसली ना?"

"दिसली. पिवळ्यांत काय करत होती ती?"

तो हसला. नोरिमित्सुसानसारखा, एका बाजूनं. "बाबांनी काय सांगितलं होतं? नामिगेच्या गोटात बसायचं नाही. ती बसली नाही. आता ती घरी गेल्यावर बाबा काय बोलणार?"

मी म्हटलं, "तुमचं घरच वाकडं."

"तुझंच घर आहे ते, मावशी. आई तुझीच बहीण."

मग त्यानं माझ्या हातातला डफ काढून घेतला आणि बसमध्ये नेऊन ठेवला. मी सांगितलं नव्हतं.

आता ऐक. पुढचा सामना शनिवारी, सकाळचा. आमची बाजू या वेळी तिसऱ्या बेसची. म्हणजे तू पहिल्या बेसच्या बाजूला, जो कुणी समोर असेल त्यांच्यात बसणार. तिकीट खिडकीवर मिळतं, तुला आता माहीत आहे. नोरिमित्सुसाननी दिलेला शब्द तू मोडू नकोस. माणसानं इतक्या लोकांसमोर बोललेलं बायकोला सांभाळावं लागतं, मीही सांभाळलंय.

ओनुकीला मी सांगून टाकलं, तुझी नायकी तुला परत. गाणं आता सगळ्यांना येतं, पोटातून येतं, माझी गरज नाही. तो म्हणाला, "म्हणजे तुम्ही येणार नाही?" मी म्हटलं, "येणार. पण इकडे नाही." त्याला ऐकू गेलं नाही, तीनदा सांगावं लागलं, आणि आता सगळ्या गल्लीला माहीत आहे की आमच्या ह्यांची बायको शनिवारी शत्रूच्या स्टँडमध्ये बसणार आहे.

तर दोन जागा धर. माझी कडेची, गुडघा लांब करता येईल अशी. निळा टॉवेल एकच असेल तर एकच चालेल, अर्धा-अर्धा धरू. कुणी बाही ओढली तर माझ्या बाजूची ओढू दे, माझी बाही जाड आहे. दुसऱ्या बेसवर पोचल्यावर तो पोरगा जिकडे बघतो, तिथे मला एकदा बसायचंय.

तुझी
ताई